भूत रात्रीच का शोधतात?

मुलांनो, टीव्हीवर भूत शोधायला निघालेली मंडळी तुम्ही पाहिली असतीलच. काळोखा वाडा, हातात मिणमिणती बॅटरी. कुठेतरी खट्ट होतं. "कोण आहे तिथे?" उत्तर येत नाही, आणि नेमकी तिथेच जाहिरात! ती संपेपर्यंत आपण जागचे हलत नाही. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तर धाकट्या भावाला सोबत न्यावं लागतं, ते वेगळंच.

भुताच्या मालिका काही नव्या नाहीत. आईबाबांना विचारा. १९९३ साली 'झी हॉरर शो' सुरू झाला, १९९५ साली 'आहट'. तेव्हाची मुलं चादर डोक्यावर घेऊन एका फटीतून बघायची. पण त्या गोष्टी होत्या. ही नटमंडळी आहेत, हा रंग लावलाय, हे चादरीतल्यालाही ठाऊक असायचं. पुढे तऱ्हा बदलली. ब्रिटनमध्ये २००२ साली 'मोस्ट हॉन्टेड' आला, अमेरिकेत २००४ साली 'घोस्ट हंटर्स'. (यातले दोघे प्रमुख भूतशोधक दिवसा नळदुरुस्तीची कामं करायचे!) आपल्याकडे २०१० साली एमटीव्हीच्या 'गर्ल्स नाइट आउट'मध्ये मुलींना 'झपाटलेल्या' जागी रात्र काढायला लावली. आता गोष्ट गेली आणि 'तपास' आला. तपास म्हटलं की यंत्रं आलीच.

सोलापुरातल्या आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात यावरून मोठा वाद झाला. एकजण तावातावाने म्हणाला, "बाई, यंत्राचा दिवा लागला की हो! यंत्र कशाला खोटं बोलंल?"

प्रश्न बिनतोड आहे. यंत्र खोटं बोलत नाहीच. पण 'भूत आलं' असंही ते म्हणत नाही. या ईएमएफ मीटरला फक्त आसपासचं विद्युत-चुंबकीय क्षेत्र कळतं. ते भिंतीतल्या वायरीभोवती असतं, पंख्याच्या मोटारीभोवती असतं, खिशातल्या मोबाइलभोवतीही असतं. अंधारातला कॅमेरा अवरक्त प्रकाशावर चालतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच मोबाइलमध्ये रिमोटच्या टोकाचा दिवा लुकलुकताना दिसेल, तोच हा प्रकाश. भिंगाजवळून धुळीचा कण किंवा चिलट गेलं की त्या प्रकाशात ते चकाकतं आणि पडद्यावर पांढरा गोळा तरंगतो. आणि पडक्या वाड्यातली ती किंकाळी? गव्हाणी घुबडाचा आवाज एकदा ऐका. जुन्या इमारतींत राहणारा हा पक्षी उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलं करतो, पण ओरडतो असा की मोठ्या माणसाच्याही अंगावर काटा यावा.

मग हे सगळं बघायला आवडतं का? गड्ड्याच्या जत्रेतला मोठा पाळणा आठवा. खाली येताना पोटात गोळा येतो, आपण किंचाळतो, आणि उतरल्यावर बाबांच्या मागे लागतो, अजून एकदा! पाळणा पक्का आहे, बाबा खाली उभे आहेत, हे ठाऊक असतं म्हणून ती भीती गोड लागते. टीव्हीसमोरही तसंच. शिवाय गुप्तहेर व्हायला कोणाला आवडत नाही? या हौसेत मला तरी काही वाईट दिसत नाही.

अडचण पुढेच आहे. खऱ्या तपासात "काहीच सापडलं नाही" हेही उत्तर असतं. ते दर आठवड्याला आलं तर कार्यक्रम बघणार कोण? म्हणून दिवे बंद ठेवायचे, दबक्या आवाजात बोलायचं, दिवसाउजेडी फिरकायचं नाही. 'मोस्ट हॉन्टेड'बद्दल प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, तेव्हा ब्रिटनच्या 'ऑफकॉम' या नियामक संस्थेने २००५ साली निकाल दिला, की हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे, त्याला खरा तपास समजू नये.

खरा तपास आपल्या महाराष्ट्रात झालेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून काम करू लागली. गावात 'भानामती' झाली, म्हणजे घरावर दगड पडू लागले, कपडे आपोआप पेटू लागले, की कार्यकर्ते तिथे जात. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने, शांतपणे बोलत. कपडे पेटले तेव्हा कोण कुठे होतं, हे विचारत. बहुतेक वेळा करणारं माणूस घरातलंच निघे, आणि ते कसल्या तरी दुःखाने गांजलेलं असे. मनातलं बोलायची सोय नाही, म्हणून दगड.

पालकांनी इथे जरा थांबावं. अशा माणसाला 'झपाटलंय' म्हणून बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, असले प्रकार आपल्याकडे झालेले आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला.

भानामती कोण करत होतं, हे कळल्यावर समितीचे कार्यकर्ते त्या माणसाचं नाव गावात सांगत नसत. त्याला समजावून घेत, गरज असेल तर मनाच्या डॉक्टरकडे नेत. टीव्हीवर दाखवण्यासारखं यात काहीच नाही. दगड मात्र पडायचे थांबत.