आंब्याच्या पेटीवर आपली खूण



आंबा आपण वर्षभर राबून पिकवतो. पण पेटी एकदा का गाडीत चढली की तो कुणाच्या बागेतला, हे कुणाला कळत नाही. गोड लागला तर नाव विकणाऱ्याचे होते. पुढच्या वर्षी तोच आंबा मागायचा म्हटले तर गिऱ्हाइकाने मागायचा कसा? यासाठी पेटीवर आपली स्वतःची खूण हवी. तिला कुणी छाप म्हणतात, कुणी मार्का, शहरात लोगो म्हणतात.

खूण कशी असावी?

१) तिला तोंडाने नाव घेता आले पाहिजे. ‘मोर छाप’, ‘होडी छाप’ असे गिऱ्हाईक सहज बोलते. नुसत्या वेलबुट्टीला काय म्हणून मागणार?

२) आंब्याचे चित्र शक्यतो नको. बाजारातल्या बहुतेक पेट्यांवर ते असतेच. आपल्या बागेजवळचे काही घ्या : दीपस्तंभ, विहिरीवरचा रहाट, खंड्या पक्षी.

३) चित्र एक, नाव छोटे, रंग एक किंवा फार तर दोन. रंग वाढले की छपाईचा खर्च वाढतो. बारीक रेघा पुठ्ठ्यावर शाई पसरून बुजतात.

४) लाकडी पेटीवर पत्र्याचा साचा ठेवून रंग मारणार असाल, तर ‘व’, ‘ब’ अशा अक्षरांच्या पोटातला तुकडा कापताना सुटून पडतो. तिथे जोडपट्टी ठेवून अक्षर कापावे.

५) देवादिकांची चित्रे टाळा. रिकामे खोके शेवटी पायदळी जाते, आणि धार्मिक भावना दुखावणारी खूण कायद्याने नोंदतही नाहीत. अशोकस्तंभ किंवा राष्ट्रध्वज वापरायला १९५० च्या कायद्याने मनाई आहे.

छापण्यापूर्वी पारख

खूण कोळशाने पुठ्ठ्यावर काढा आणि दहा पावलांवर ठेवा. ओळखू येते का? मग ती शेजारच्या मुलाला एकदाच दाखवा आणि दुसऱ्या दिवशी आठवून काढायला सांगा. त्याला जमली तर गिऱ्हाइकाच्याही लक्षात राहील. न जमल्यास चित्रातले काहीतरी कमी करा. शेवटी ती नखाएवढी लहान करून पाहा, कारण पावतीवर आणि मोबाइलवरही तीच दिसणार आहे.

नोंदणी

खूण आपल्याच नावावर राहावी म्हणून व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खाली तिची नोंदणी करता येते. तशीच खूण आधी कुणी नोंदली आहे का, हे प्रथम व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहावे. ताजी फळे वर्ग ३१ मध्ये येतात आणि आंब्याचा गर वर्ग २९ मध्ये. प्रत्येक वर्गाची फी वेगळी पडते. नोंदणी १० वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. गोलातले ‘आर’ हे इंग्रजी अक्षर मात्र नोंदणी झाल्यावरच छापावे, आधी छापायला कायद्याने मनाई आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसते ‘हापूस’ हे नाव कुणा एकाच्या मालकीची खूण होऊ शकत नाही. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते साऱ्या मुलखाचे आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतल्यावर आपणही ते पेटीवर लावू शकता. मानांकन सांगते आंबा कुठल्या मुलखातला, आणि आपली खूण सांगते कुणाच्या बागेतला. पेटीवर दोन्ही शोभतात.

खूण म्हणजे शब्द

खूण लावली म्हणजे आपण गिऱ्हाइकाला शब्द दिला. वरच्या थरात मोठी फळे आणि खाली बारकी भरली, तर तीच खूण पाहून ते पुढच्या वेळी हात मागे घेईल. कोवळा, डागी किंवा भाजलेला आंबा खुणेच्या पेटीत घालू नका. तो साध्या पेटीत वेगळा विका. साका बाहेरून दिसत नाही, म्हणून तक्रार आली तर फळ बदलून द्या. एका फळाचा तोटा परवडतो, पण गेलेले नाव परत मिळवायला कैक हंगाम लागतात.

खोकी छापायची घाई हंगामाच्या तोंडावर नको. पावसाळ्यात घरातल्या सर्वांनी बसून खूण ठरवा, म्हणजे मोहोर येईपर्यंत ती तयार असेल.