ऑर्गन ठेवावा की द्यावा?

वाडा पाडायला निघतो, फ्लॅटच्या चौरस फुटांची बोलणी सुरू होतात आणि इतकी वर्षं जुन्या फोटोंचं ओझं वाहणाऱ्या ऑर्गनकडे एकदम सगळ्या घराचं लक्ष जातं. एक काका म्हणतात, ‘भंगारात द्या.’ दुसरे म्हणतात, ‘अँटिक आहे, लाखांत जाईल.’ तूर्त दोघांचंही ऐकू नका. फोटो उतरवा, ऑर्गन भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि मागची फळी काढा.

आत दिसतो तो भाता. ऑर्गन आणि आपली हातपेटी ही चुलत भावंडं. दोन्हींत हवेने थरथरणारी पितळी पातच बोलते, पण पेटीचा भाता हवा पातीतून बाहेर ढकलतो, तर ऑर्गनचा भाता ती आत ओढतो. पॅरिसच्या दबँ यांनी 1840 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते यंत्र ढकलणाऱ्या जातीचं. ओढणारी जात फोफावली अमेरिकेत. बोस्टनला 1854 मध्ये निघालेली मेसन अँड हॅम्लिन आणि व्हरमाँटमधली एस्टी ही त्यातली बडी नावं. एकट्या एस्टीने पाच लाखांवर ऑर्गन बनवले. त्यामुळे नुसत्या वयाच्या जोरावर लाखांची आशा धरू नये. आपल्याकडे त्याची किंमत राहिली ती संगीत नाटकामुळे. हवा पायांनी भरायची म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात, आणि सूर गायकाच्या गळ्यामागे सलग, भरदार उभा राहतो. गोविंदराव पटवर्धनांची नाटकातली साथ ज्यांनी ऐकली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता तपासणी. पुढची सगळी बटणं, म्हणजे स्टॉप, आत ढकलून बंद करा आणि दोन्ही पायट्या सावकाश मारा. पायटी कसलाच जोर न लागता खाली जाऊन तिथेच पडली, तर बहुधा तिचा पट्टा तुटलेला आहे. हे काम किरकोळ. पायट्या हवा ओढतात तसा मागचा मोठा भाता मिटत जातो. आतल्या स्प्रिंगा त्याला पुन्हा उघडू पाहतात. पाय थांबवा आणि मनात दहा आकडे मोजा. भाता रेंगाळत उघडला तर कापड शाबूत. पाय काढताच फटकन उघडला तर गळती आहे. ती शोधायला उदबत्ती पुरते. कोणी पाय मारत असताना सांध्यांजवळून धूर फिरवला, की जिथे तो आत खेचला जातो तिथे भोक. निखारा मात्र लाकडापासून लांब धरा, ते फार वाळलेलं असतं.

गळका भाता हे ऑर्गन टाकून देण्याचं कारण नव्हे. ‘ऑर्गन गेला’ असं म्हणतात तेव्हा अनेकदा फक्त त्याचा दम गेलेला असतो. रबरी अस्तराचं कापड वर्षांनुवर्षांत कडक होऊन चिरतं, ते बदलता येतं. मात्र कारागीर बाटलीतला पांढरा गोंद घेऊन बसला तर त्याला थांबवा. जुनं काम सरसाचं असतं. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीला लाकूड न फोडता भाता उघडता येतो.

मग सूर. एकेक स्टॉप ओढून खर्जापासून प्रत्येक पट्टी दाबत जा आणि कागदावर खुणा करा. मुकी पट्टी बघून घाबरू नका, पातीखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी ती गप्प होते. पात तिच्या खाचेतून आकड्याने ओढून काढतात, मऊ ब्रशने झाडतात आणि होती तिथेच परत बसवतात. न दाबता वाजत राहणाऱ्या पट्टीचं दुखणं वेगळं. तिच्या खालची झडप, लोकर आणि चामड्याची, नीट बसत नसते. उंदरांना ही लोकर फार प्रिय. बेसूर पातीला घरी हात लावू नये. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो आणि हात जरा जड पडला की पात कायमची जाते. तुटलेल्या पातीला सांधा नाही, बदली पातच लागते. दोन-चार तुटल्या असतील तर जमून जातं. अर्धं सप्तक गेलं असेल तर हिशेब बदलतो.

मी खरा घाबरतो तो वाळवीला. बाहेरची नक्षी गेली तर जाऊ द्या, पण पाती ज्यावर बसतात ती फळी पोखरलेली किंवा तडकलेली असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. अशा ऑर्गनच्या चांगल्या पाती दुसऱ्या कुणाच्या ऑर्गनला द्याव्यात.

फळी शाबूत, भाता दुरुस्त होण्याजोगा आणि बहुतेक पाती बोलत्या, एवढं जमलं तर प्रश्न उरतो तो घरातल्या माणसांचा. आठवड्यातून एकदा पायट्या मारणारं कोणी आहे का? बंद ऑर्गनमध्ये कसर, ओल आणि उंदीर सुखाने नांदतात. नुसता शोभेला ठेवून वर टीव्ही मांडणं मला तरी बघवत नाही. वाजवणारं कोणी नसेल तर नाट्यसंगीत शिकवणारा एखादा वर्ग किंवा हौशी नाटक मंडळी गाठा. राजापूरजवळ आडिवऱ्यात तर अलीकडे नवे ऑर्गनही घडले आहेत, म्हणजे हे काम जाणणारे हात अजून आहेत.

द्यायचं ठरलं तर नेणाऱ्याला आधी पायट्या मारून दाखवा आणि मुक्या पट्ट्यांचा तो कागद आत चिकटवून द्या. जिन्यावरून उतरवताना पायट्यांना धरून उचलू देऊ नका.