आवृत्तीयुद्ध कसे शमले

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या चाहत्यांमध्ये इंटरनेटवर झालेल्या भांडणांपैकी सर्वांत गाजलेले भांडण २००८ ते २०१४ या काळातले आहे. ते पेटले ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या चौथ्या आवृत्तीवरून. चाहते त्याला ‘एडिशन वॉर’, म्हणजे आवृत्तीयुद्ध म्हणतात. एकमेकांना कधी भेटलेलीही नसलेली माणसे एका खेळाच्या नियमपुस्तकावरून वर्षानुवर्षे एकमेकांची अक्कल काढत राहिली. हे युद्ध का पेटले आणि पुढे कसे निवले, हे पाहिले की अशा भांडणांचे मूळ बऱ्यापैकी उलगडते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून तो प्रसिद्ध झाला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांच्यातला एकजण ‘डंजन मास्टर’ होऊन प्रसंग सांगतो आणि इतर प्रत्येकजण एकेक पात्र चालवतो. कोणी तलवारबाज, कोणी जादूगार, कोणी चोर. पात्राने एखादी अवघड गोष्ट करायची म्हटली की वीस बाजूंचा फासा टाकून ती जमली की फसली ते ठरते. इथे कोणी जिंकत किंवा हरत नाही. एकच कथा तीच मंडळी अनेक वर्षे पुढे नेत राहतात.

हा खेळ एकट्याने खेळता येत नाही, ही त्यातली फार महत्त्वाची गोष्ट. गटातल्या चौघांनी नवे पुस्तक घेतले की पाचव्यापुढे दोनच वाटा उरतात: नवे नियम शिकायचे किंवा गट सोडायचा. जुन्या नियमांवर उभारलेले पात्र, त्याची कित्येक वर्षांची कथा आणि कपाटातली महागडी पुस्तके, सगळेच एका फटक्यात निरुपयोगी होऊ शकते. म्हणूनच नव्या आवृत्तीची जाहिरात जुन्या खेळाडूला धमकीसारखी वाटू शकते. आवृत्तीयुद्धातला बराचसा राग या भीतीतून आला होता. नियमांची चर्चा हे तिचे वरचे रूप होते.

वाद घालण्याची सवय या छंदात पहिल्यापासूनच आहे. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ हे हौशी मासिक सुरू केले. त्यात खेळाडू आपापली पाने लिहून पाठवत आणि नियमांवरून कडाक्याचे मतभेद होत. मात्र उत्तर छापून यायला महिना लागे, आणि तोवर राग बराच ओसरलेला असे. इंटरनेटने ही उसंत संपवली.

विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ मध्ये खेळाची मूळ प्रकाशन संस्था टीएसआर विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आणली. तिच्यासोबत ‘ओपन गेम लायसन्स’ नावाचा परवाना आला. त्यामुळे इतर प्रकाशकांनाही हे नियम वापरून पुस्तके काढता येऊ लागली. २००८ च्या जूनमध्ये चौथी आवृत्ती आली आणि तिने खेळाचा सांगाडाच बदलला. पूर्वी जादूगाराकडे मंत्रांची लांबलचक यादी असे आणि तलवारबाज फक्त तलवार चालवी. आता प्रत्येक पात्राला ठरावीक ‘पॉवर’ मिळाल्या. त्यातल्या काही हव्या तितक्या वेळा, काही एका चकमकीत एकदा, तर काही दिवसातून एकदाच वापरायच्या.

यातली ‘कम अँड गेट इट’ ही तलवारबाजाची पॉवर भांडणात वारंवार पुढे येई. ती वापरली की जवळपासचे शत्रू आपणहून त्याच्या अंगावर चालून येत आणि तो सर्वांवर एकदम वार करी. एक खेळाडू विचारी, लपून बाण मारणारा धूर्त धनुर्धर कोणाच्या नुसत्या हाकेने तलवारीच्या टप्प्यात कशाला येईल? दुसऱ्याला त्याच क्षणी सिनेमातला नायक दिसे, आणि शत्रू का आले याचे कारण कथा सांगताना जुळवता येईल असे तो म्हणे. दोघांचेही म्हणणे सुसंगत होते. एकाला नियमाने जगाचे हुबेहूब अनुकरण करावे असे वाटत होते, दुसऱ्याला नियमाने प्रसंग रंगवावा असे वाटत होते. पण चर्चेत ही आवडीची गोष्ट फार कमी वेळा तशी मांडली गेली. एका बाजूने ‘हा रोलप्लेइंग गेमच नाही, व्हिडिओ गेम आहे’ असा शिक्का मारला, तर दुसरीने ‘तुम्हाला बदलच सोसत नाही’ असा. शिक्का माणसावर बसला की त्याला पटवून देण्याची शक्यता तिथेच संपते.

भीतीला खतपाणीही मिळत गेले. २००९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने चाचेगिरीचे कारण देऊन जुन्या आवृत्त्यांच्या पीडीएफची विक्री थांबवली. त्याच वर्षी पायझो या कंपनीने खुल्या परवान्याचा आधार घेऊन तिसऱ्या आवृत्तीचे नियम ‘पाथफाइंडर’ या नावाने पुढे चालू ठेवले आणि नाराज खेळाडूंना घर मिळाले. पाथफाइंडरमुळे जुना खेळ जिवंत राहिला, पण चाहत्यांचे दोन तट मात्र कायमचे पडले.

चर्चेचे व्यवस्थापन करणाऱ्यांनी यावर बरेच उपाय केले. सरसकट बंदीने शांतता मिळते, पण धुसफूस दुसरीकडे सरकते. एक साधा नियम त्यापेक्षा अधिक उपयोगी: ज्याला जो खेळ आवडतो त्याने त्यावर बोलावे, दुसऱ्याच्या आवडीच्या चर्चेत शिरून ती वाईट कशी हे सांगू नये. याहून मोलाची सवय म्हणजे प्रत्यक्ष खेळाबद्दल बोलणे. आवृत्तीयुद्धाच्या आधी रॉन एडवर्ड्स यांच्या ‘द फोर्ज’ या चर्चागटात खेळण्यामागच्या हेतूंचे प्रकार पाडणाऱ्या सिद्धांतावरून बरीच वर्षे वाद झाले. माणसाला कुठल्याशा प्रकारात बसवले की तो चिडतोच. २००५ मध्ये तिथल्या निव्वळ सैद्धांतिक चर्चा बंद करून बोलणे प्रत्यक्ष खेळलेल्या डावांकडे वळवण्यात आले. ‘चौथी आवृत्ती भिकार आहे’ यावर फक्त भांडता येते. ‘आमची चकमक दोन तास चालली आणि दोघे कंटाळले’ यावर मात्र उपाय सुचवता येतो.

तरीही आवृत्तीयुद्ध कोणाच्या युक्तिवादाने संपले नाही. २०१२ च्या जानेवारीत कंपनीने नव्या आवृत्तीची घोषणा केली, मे महिन्यात कच्चे नियम सर्वांसाठी खुले केले आणि प्रश्नावल्या पाठवून खेळाडूंची मते मागवली. त्याच वर्षी पहिल्या आवृत्तीची मूळ पुस्तके पुन्हा छापली गेली, आणि २०१३ च्या जानेवारीपासून जुन्या आवृत्त्यांच्या पीडीएफ पुन्हा विक्रीला आल्या. आपला खेळ कोणी काढून घेत नाही, हे जुन्या खेळाडूंना आता दिसू लागले. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि तिचे प्राथमिक नियम फुकट मिळाले. तिचा चेहरा जुन्या खेळासारखा होता, पण जादूगाराचे कितीही वेळा वापरता येणारे छोटे मंत्र आणि चकमकींमधली छोटी विश्रांती यांत चौथ्या आवृत्तीच्या कल्पना टिकून राहिल्या. चौथी आवृत्ती मनापासून आवडलेल्या खेळाडूंच्या वाट्याला मात्र या तहात फारसे काही आले नाही, आणि त्यांची खंत रास्त आहे. पुढे २०१५ मध्ये हा खेळ खेळून दाखवणाऱ्या ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले, २०१६ मध्ये हाच खेळ खेळणाऱ्या मुलांची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली, आणि जुने भांडण ठाऊकच नसलेले असंख्य नवे खेळाडू या छंदात आले.

कंपनीने खेळाडूंची मते आधी विचारून जे साधले, तेच काम गटाच्या पातळीवर ‘सेशन झीरो’ ही बैठक करते. खेळ सुरू होण्याआधी सगळे एकत्र बसून ठरवतात: लढाई किती, संवाद किती, कोणते विषय टाळायचे, पात्र मेले तर चालेल का. अपेक्षा आधीच बोलून झाल्या की मतभेद अपमानापर्यंत जात नाहीत.

काही काढून घेतले जाण्याची भीती परतली की भांडणही परतते. २०२३ च्या जानेवारीत खुला परवाना बदलण्याचा कंपनीचा मसुदा फुटला, तेव्हा एरवी आपसांत भांडणारे सगळे तट एकवटले. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले; तो परवाना परत घेता येत नाही. २०२४ ची नवी पुस्तके तिने सहावी आवृत्ती म्हणून आणलीच नाहीत, पाचवीच्या साहसकथा त्यांच्यासोबतही चालतात. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डी अँड डी बियाँड या तिच्या डिजिटल सेवेत पात्रांच्या नोंदीतले जुने मंत्र नव्यांनी बदलले जाणार असे जाहीर झाले आणि पुन्हा संताप उसळला. काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला आणि जुने मंत्र नव्यांच्या शेजारी कायम राहिले.