सफारी-शिबिर

सफारी-शिबिर : अरण्य, गवताळ प्रदेश किंवा पाणथळ भाग यांतील वन्य प्राणी पाहण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांकरिता उभारलेला, सुखसोयींनी युक्त असा तंबूंचा तळ. ‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘प्रवास’ असा आहे. मराठीतील ‘सफर’ आणि हा शब्द या दोहोंचे मूळ एकाच अरबी शब्दात आहे. पूर्व आफ्रिकेतील केन्या व टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका खंडभागातील बोट्स्वाना हे देश अशा शिबिरांसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. ऐषारामी तंबूनिवासाला एकविसाव्या शतकात ‘ग्लॅम्पिंग’ हे नाव मिळाले. २०१६ मध्ये ते ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात समाविष्ट झाले. नाव नवे असले, तरी प्रथा जुनी आहे.

पूर्वपीठिका : राजेमहाराजांच्या स्वाऱ्यांबरोबर वैभवशाली तंबू नेण्याची चाल अनेक देशांत होती. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात अकबराच्या छावणीचे सविस्तर वर्णन आढळते. एका तळाचे सामान वाहून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. तंबू उभारण्यासाठी १,००० फरास असत. बादशहा एका मुक्कामी असतानाच दुसरा तंबूसंच पुढच्या मुक्कामाकडे रवाना होई. डेरा, कनात, शामियाना, फरासखाना हे मराठीत रुळलेले शब्द याच परंपरेची आठवण देतात.

आफ्रिकेतील सफारी-शिबिराचा उगम मात्र शिकारीच्या मोहिमांत आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी १९०९–१० मध्ये पूर्व आफ्रिकेत काढलेल्या मोहिमेत सु. २५० हमाल व वाटाडे होते. वराहचर्मात बांधलेल्या सु. ६० ग्रंथांची पेटीही त्यांनी बरोबर नेली होती. अशा मोहिमांत आंघोळीचे गरम पाणी, पांढऱ्या चादरी व टेबलावरील भोजन या गोष्टी साहेबाला रोज मिळत आणि त्यांचा भार आफ्रिकी हमालांच्या डोक्यावरून जाई. १९२० नंतर हमालांची जागा हळूहळू मोटारींनी घेतली. डेनिस फिंच हॅटन यांच्यासारख्या व्यावसायिक शिकाऱ्यांनी मोटारीतून शिकार करण्याच्या प्रथेचा जाहीर निषेध केला आणि बंदुकीऐवजी कॅमेऱ्याचा पुरस्कार केला. केन्याने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. तत्पूर्वीच, १९७२ मध्ये, मसाई मारा येथे ‘गव्हर्नर्स कॅम्प’ हे छायाचित्रणासाठी येणाऱ्या प्रवाशांचे कायम स्वरूपाचे तंबू-शिबिर सुरू झाले होते. बंदीनंतर हाच प्रकार सर्वत्र रूढ झाला.

रचना व व्यवस्था : लहान शिबिरात साधारणपणे सहा ते बारा तंबू असतात. जाड कॅनव्हासचा तंबू लाकडी चौथऱ्यावर किंवा जमिनीवर उभारतात. त्यावर ऊन-पाऊस अडविणारे दुसरे छत ताणलेले असते आणि खिडक्यांना डासांसाठी जाळ्या असतात. तंबूला लागूनच स्नानगृह असते. जुन्या पद्धतीच्या शिबिरांत चुलीवर तापविलेले पाणी बादलीत भरून ती कप्पीने उंच चढवितात व त्याखाली स्नान करतात. भोजनासाठी स्वतंत्र मोठा तंबू असतो. वीज बहुधा सौरपट्टांपासून मिळते. पाणी कूपनलिकेतून किंवा नदीतून घेतात. ताजा भाजीपाला, दूध, इंधन इ. वस्तू दूरच्या शहरांतून मालमोटारींनी किंवा लहान विमानांनी आणाव्या लागतात. पुष्कळ शिबिरांना कुंपण नसते. त्यामुळे हत्ती, पाणघोडे, तरस यांचा वावर तंबूंच्या आसपास असतो आणि अंधार पडल्यावर प्रवाशांना पहारेकऱ्याच्या सोबतीनेच ये-जा करू दिली जाते.

काही शिबिरे फिरती असतात. सेरेंगेटी-मारा प्रदेशात सु. १२ ते १५ लाख नू किंवा विल्डबीस्ट पावसामागून येणाऱ्या गवताच्या शोधात वर्षभर फिरतात. साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांचे कळप मारा भागात असतात. फिरती शिबिरे त्यांच्यापाठोपाठ स्थान बदलतात. बोट्स्वानातील ओकाव्हँगो त्रिभुज प्रदेशात पुराचे पाणी पसरत असल्याने तंबू खांबांवरील लाकडी फलाटांवर उभारतात. शिबिर हलविल्यावर जागा पूर्ववत व्हावी, हाही त्यामागील हेतू असतो. या देशाने १९९० च्या पर्यटन धोरणात थोडे पर्यटक व अधिक उत्पन्न हे तत्त्व स्वीकारले. ओकाव्हँगोचा समावेश २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाला.

जमीन व मालकी : सफारी-शिबिराचे खरे मोल पलंग, गालिचे किंवा पक्वान्ने यांत नसते, ते सभोवारच्या मोकळ्या जमिनीत असते. हजारो एकर भूमीवर दुसरा तंबू, शेत वा कुंपण दिसू नये, यासाठी प्रवासी पैसे मोजतो. परंतु ही भूमी मुळात निर्मनुष्य नव्हती. ती मसाईंसारख्या पशुपालकांची चराऊ भूमी होती. ब्रिटिशांनी १९०४ व १९११ च्या करारांन्वये मसाईंना केन्यातील उत्तम कुरणांवरून हलविले. टांझानियात सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये स्थापन झाले आणि १९५९ मध्ये तेथील मसाईंना बाहेर काढून एन्गोरोंगोरो भागात वसविण्यात आले. तेव्हा शिबिरातून दिसणारे निसर्गाचे एकांत रूप काही अंशी विस्थापनातून घडलेले आहे.

शिकारबंदीनेही प्राण्यांचा ऱ्हास थांबला नाही. १९७७ ते २०१६ या काळात केन्याच्या गवताळ प्रदेशांतील वन्य प्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचे विमानातून केलेल्या गणनांवरून दिसून आले. लोकसंख्येची व गुराढोरांची वाढ, कुंपणे, शेती, चोरटी शिकार व दुष्काळ ही त्याची प्रमुख कारणे होत. देशातील निम्म्याहून अधिक वन्य प्राणी राखीव उद्यानांबाहेर राहतात. सामायिक चराऊ जमिनींची व्यक्तिगत वाटणी झाल्यावर प्रत्येक मालक आपला तुकडा कुंपणबंद करू लागला आणि कळपांच्या वाटा बंद झाल्या.

यावर उपाय म्हणून २००५ च्या सुमारास मारा भागात ‘कॉन्झर्व्हन्सी’ या नावाने ओळखली जाणारी संवर्धनक्षेत्रे निर्माण होऊ लागली. शेकडो मसाई मालक आपले लगतचे तुकडे एकत्र करून शिबिरचालकांना भाडेपट्ट्याने देतात. प्रवासी किती येतात यावर भाडे अवलंबून नसते. ते ठराविक दराने थेट मालकाला मिळते. तंबूंच्या संख्येवर मर्यादा असते, काही क्षेत्रांत एका तंबूमागे ३५० एकर (सु. १४० हेक्टर) जमीन असावी, असा दंडक आहे. गुरांना ठरावीक भागांत पाळीपाळीने चरू दिले जाते. २०१३ च्या वन्य जीव अधिनियमाने अशा क्षेत्रांना केन्यात वैधानिक मान्यता मिळाली.

या व्यवस्थेचे दोषही लक्षात आले आहेत. भाडे जमिनीच्या नोंदणीकृत मालकाला मिळत असल्याने भूमिहीन कुटुंबे आणि बहुतेक स्त्रिया तिच्या लाभापासून वंचित राहतात. दुष्काळात राखीव कुरणावरून तंटे उद्‌भवतात. २०२० मध्ये कोविड साथीमुळे विमानवाहतूक बंद पडताच शिबिरे रिकामी झाली व अनेक ठिकाणी मालकांना कमी भाडे मान्य करावे लागले. दूरदेशीच्या प्रवाशांवर विसंबलेले संवर्धन किती नाजूक असते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

भारतातील स्थिती : भारतातही व्याघ्र-अभयारण्यांच्या सीमेवर, कच्छच्या रणात व लडाखमध्ये सुसज्ज तंबू-शिबिरे भरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व्याघ्र-प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रांतील पर्यटन काही काळ थांबविले होते. राष्ट्रीय व्याघ्र-संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ती बंदी उठली. महाराष्ट्रात भंडारदरा परिसरातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मे-जूनमध्ये काजवे पाहण्यास येणाऱ्यांसाठी तंबू लागतात. तेथील आदिवासी तरुणांना त्यातून उत्पन्न मिळते. मात्र काजव्यांचा नर-मादी संकेत प्रकाशावरच अवलंबून असल्याने मोटारींचे व तंबूंचे दिवे त्यांच्या प्रजननात व्यत्यय आणतात; म्हणजे जे पाहण्यासाठी लोक येतात, त्यालाच त्यांच्या येण्याने बाधा पोहोचते.

म्हणून शिबिराची पारख तंबूतील थाटावरून करणे योग्य ठरत नाही. किती जमिनीवर किती तंबू आहेत, सांडपाणी व कचरा कोठे जातो, अंधार पडल्यावर किती दिवे तेवतात आणि ज्यांची भूमी मोकळी राखली जाते त्यांना तिचे मोल प्रवासी नसतानाही मिळते का, हे प्रश्न त्यासाठी अधिक महत्त्वाचे होत.