ताप नसलेली मान

रात्री दोन वाजता मी काकांच्या तोंडात टॉर्च धरते. डाव्या गालात, जिथं ते वर्षानुवर्षं तंबाखूचा बार धरायचे, तिथं आता छातीवरची कातडी शिवलेली आहे. बोटानं दाबायचं, गुलाबीपणा परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. निळसर दिसली तर रक्त तुंबलंय, पांढरी पडली तर पोचतच नाही.

गालाला खरं तर मनगटाजवळची पातळ कातडी छान बसते. पण काकांच्या डाव्या हाताला डायलिसिसच्या वेळचा फिस्टुला आहे आणि उजव्या हाताच्या शिरा सुयांनी संपल्यात. म्हणून छाती.

नऊ वर्षांपूर्वी काकूंनी त्यांना आपली किडनी दिली. ती टिकावी म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन रोज. किडनी सांभाळणाऱ्या याच गोळ्यांनी शरीराचा पहारा ढिला होतो, त्यात तंबाखू, आणि गालात कॅन्सर झाला. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीला झेपणार नाही, त्यामुळे सर्जननी गाठीभोवतीची सेंटिमीटरभर चांगली जागा आणि मानेतल्या गाठी पहिल्याच खेपेला काढल्या. मायकोफेनोलेट आधीच कमी केलं होतं. स्टेरॉइड मात्र ऑपरेशनच्या दिवशी वाढवून दिलं, कारण इतकी वर्षं बाहेरून मिळाल्यावर शरीर ऐनवेळी स्वतःचं पुरेसं बनवत नाही.

इन्फेक्शनसाठी ताप, लाली, सूज बघा, असं आम्हा नर्सेसना शिकवतात. स्टेरॉइडवरच्या पेशंटमध्ये ही लक्षणं उशिरा येतात, कधी येतच नाहीत. तिथं हात आणि नाक लागतं.

सहाव्या रात्री चार्टवर ९८.४. काकांनी पाटीवर लिहिलं, ‘ताप नाही ना?’

“नाही काका. पण मान दाखवा.”

जबड्याखाली कालच्यापेक्षा टणक लागलं. ड्रेनमधलं पाणी गढूळ, किंचित वास. मी रेसिडेंटना उठवलं. “टेंपरेचर तर नॉर्मल आहे, सिस्टर,” म्हणत ते आले, मानेला हात लावला आणि गप्प झाले. दोन टाके उघडले. लाळ आली, मागून पू.

मग रोज दोनदा ड्रेसिंग. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक किडनीला चालत नाही. तोंडात बुरशी दिसली तेव्हा फ्लुकोनॅझोल सुरू करण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना फोन केला, कारण त्यानं टॅक्रोलिमसची पातळी रक्तात चढते. काकू कॅलेंडरवर खुणा करत होत्या: ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, आणि त्याआधी जखम भरायला हवी.

अठराव्या दिवशी पट्टी कोरडी निघाली. काकूंनी मला ती खिडकीच्या उजेडात धरायला लावली, आणि दोन्ही बाजूंनी पाहिली.