हातोडा भंगारात देऊ नका, दांडा बदला



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक ताईंच्या ओटीवर चालली होती. तेवढ्यात भंगारवाला आला. ताईंनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आत दोन हातोडे आणि एक वाकस, दांडे किडीने पोखरलेले. "सासरे लालबागला गिरणीत सुतारकाम करायचे. नागदेवीच्या बाजारातून घेतलेली ही हत्यारं. संपात गावी आले ते ही ट्रंक घेऊन."

१८ जानेवारी १९८२ ला तो संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. परळ-लालबागची कितीतरी कुटुंबं तेव्हा गावी परतली.

हातोड्याचं लोखंड ठणठणीत होतं, नुसता वरवर गंज. खराब झालं होतं ते फक्त लाकूड. मग भंगारवाला रिकामा गेला आणि गावच्या सुतारकाकांनी आम्हाला दांडा बसवून दाखवला. तेच इथे सांगते.

जुना दांडा: लोखंडालगत करवतीने कापा, उरलेला तुकडा सळईने ठोकून काढा. चुलीत घालून जाळू नका. लोखंडाला दिलेलं पाणी उतरतं, मग ते मऊ पडतं.

लाकूड: बाभूळ किंवा धावडा चांगला. पूर्ण वाळलेलं, गाठ नसलेलं, रेषा दांड्याच्या लांबीत सरळ गेलेल्या हव्यात. ओलं लाकूड वाळलं की आकसतं आणि दांडा ढिला होतो.

बसवणं: दांड्याचं टोक नेढ्यात घट्ट जाईल एवढंच तासा. टोकाला मधोमध, नेढ्याच्या लांबट बाजूने करवतीची चीर द्या. नेढ्यात घाला. आता हातोडा खाली लोंबता धरून दांड्याच्या बुडावर ठोका, लोखंड आपोआप वर चढतं. मग चिरेत सुक्या लाकडाची पाचर ठोका. पाचरीने लाकूड फुलतं, म्हणून लोखंड निसटत नाही.

टिकावाचं वेगळं. त्याचं नेढं एका बाजूला रुंद असतं. दांडा वरून घालायचा, घाव घालताना तो आणखी आवळतो.

शेवटी काच पेपर मारून अळशीचं तेल लावा. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा.

आपण सगळ्या एक करतो: दांडा हलायला लागला की हत्यार पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, दोन दिवस चालतं. पण वाळलं की आधीपेक्षा जास्त ढिलं होतं. भरात घाव घालताना तेच लोखंड सुटून समोरच्याला लागतं. शेतात पोरं आजूबाजूलाच असतात ना!

आणखी एक. घरातले दांडे बहुतेक पुरुषांच्या मुठीचे असतात. जाड दांडा हातातून फिरला की "तुला जमत नाही" हे ऐकायला लागतं. नवा दांडा तासताना आपली मूठ घालून बघा, आपल्या मापाचा करा.

ताईंचा हातोडा आता त्यांच्या मुठीचा झालाय. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक हलतं हत्यार घेऊन या.