बाप्पा, जाहिरात आणि आपली तक्रार

मंडळी, फराळाचं सामान आणायला विगरम स्ट्रीटवर गेलात की जरा पाट्या वाचा. सोनं, घरकर्ज, क्लासेस, मिठाई! जो तो आपल्याला काहीतरी पटवतोय. त्यात गैर काही नाही. पण एखादी जाहिरात मर्यादा ओलांडते तेव्हा आपण काय करतो? घरात चिडतो, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतो आणि विसरतो.

सप्टेंबर २०१७ आठवतोय? अनंत चतुर्दशीच्या सुमारास 'मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया'ची जाहिरात आली. येशू, बुद्ध आणि आपले बाप्पा एकाच टेबलावर जेवायला बसलेले, आणि सूर असा, की कोकराचं मांस सगळ्यांनाच चालतं. मोदक खाणाऱ्या बाप्पांच्या पुढ्यात मांस! भारतीय उच्चायुक्तालयानेही ऑस्ट्रेलिया सरकारकडे नाराजी कळवली.

जाहिरात मानक मंडळाने तक्रारी आधी फेटाळल्या. इथेच आपण बहुतेकजण 'जाऊ दे' म्हणतो. पण या वेळी फेरतपासणी झाली. स्वतंत्र परीक्षकाला पहिल्या निर्णयात त्रुटी आढळली, प्रकरण पुन्हा मंडळापुढे आलं आणि नोव्हेंबरमध्ये तक्रारी मान्य झाल्या.

घरातली तरुण मुलं म्हणतील, 'आई, जोक होता तो!' म्हणू द्या. विनोदाला इथे मुभा आहेच, आणि असावी. नियम एवढंच विचारतो, की जाहिरातीत धर्म, वंश, लिंग यांवरून कुणाला कमी लेखलंय का? त्यावर घरात दोन्ही बाजूंनी वाद घाला. दिवाळीच्या फराळाला याहून चांगला विषय कुठला?

आता कामाचं. ही संस्था आज 'ॲड स्टँडर्ड्स' नावाने चालते. तक्रार ऑनलाइन आणि मोफत करता येते. जाहिरात कुठे, कधी पाहिली आणि नेमकं काय खटकलं, तेवढं स्पष्ट लिहा. ही उद्योगानेच उभी केलेली व्यवस्था आहे, आपल्या मुंबईतल्या १९८५ च्या 'ॲस्की'सारखी. ती दंड करत नाही, जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते. दुकानाने खोटी सवलत दाखवून फसवलं, तर मात्र 'एनएसडब्ल्यू फेअर ट्रेडिंग' किंवा 'एसीसीसी'कडे जा, कारण तिथे कायदा आहे.

आजी-आजोबांना फॉर्म भरायला नातवंडांनी मदत करावी. इंग्रजी त्यांचं, खटकलेलं आजीचं. तक्रार दोघांची!

शुभ दीपावली!